खडखड नेमकी कुठली?

पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री करून तात्यांनी ते कानाजवळ धरलं आणि हलवलं. आतून खडखड आली. "वाजतंय की," एवढंच म्हणाले. समोरच्या पोराला तेवढंच हवं होतं. क्लबचं जुनं .22 पिस्तूल, काही दिवस त्याच्या गोळ्या आठाच्या वर्तुळात पांगत होत्या आणि त्याचा सगळा संशय या आवाजावर होता.

तात्या पोलीस खात्यातले निवृत्त आर्मोरर. घर कोल्हापुरात, शिवाजी पेठेत, निवृत्ती चौकाच्या मागं. दुधाळीची शूटिंग रेंज तिथून फार लांब नाही, त्यामुळं कुणाचं हत्यार अडलं की त्यांना बोलावणं येतं. इथल्याच राही सरनोबतनं 2018 मध्ये जकार्ता-पालेमबांगच्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात शूट-ऑफ खेळून सुवर्ण घेतलं, तेव्हापासून इथल्या पोरांना गुण तोंडपाठ असतात. यंत्राबद्दल मात्र ऐकीव गोष्टीच जास्त. त्यातली सगळ्यात लाडकी गोष्ट म्हणजे 'स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) सैल, तर नेम गेला'.

तात्यांच्या मते ही गोष्टच अर्धवट आहे. काय सैल आहे, ते कशाच्या तुलनेत, आणि नेम धरायची साईट कशावर बसवलीय, हे आधी सांगा.

त्यांच्या नोकरीतलं नेहमीचं पिस्तूल म्हणजे इशापूरच्या रायफल फॅक्टरीतलं 9 एमएम, मूळचं ब्राउनिंग हाय-पॉवर. त्यात साईट स्लाइडवर असतात आणि गोळी सुटताना नळीही स्लाइडमध्येच अडकलेली असते. ही जोडी थोडी मागं सरकली की नळीचा मागचा भाग खाली झुकतो, नळी सुटते आणि स्लाइड एकटी मागं जाते. आता स्लाइड फ्रेमच्या खाचांत डावी-उजवी हलते म्हणून काय बिघडलं? साईट आणि नळी दोन्ही बरोबरच हलतात. नेमबाज साईट बघून हात सावरतो, नळी आपोआप सावरली जाते. उलट नळीच स्लाइडच्या तोंडाशी सैल असेल, दर वेळी वेगळ्या जागी बसत असेल, तर ते डोळ्याला दिसत नाही. "तिथला प्ले वाईट. आणि तो वाजतोच असं न्हाई."

वॉल्थर पीपीसारख्या पिस्तुलात चित्र फिरतं. तिथं नळी फ्रेमला पक्की आणि साईट स्लाइडवर, म्हणजे स्लाइडचा प्ले थेट नेमात उतरतो. पण चार पावलांवर वापरायच्या हत्याराला त्यानं फारसा फरक पडत नाही.

मग सगळंच घट्ट का बनवत नाहीत? स्पर्धेसाठी बनवतातही, पैसे मोजून. पण सैन्याच्या पिस्तुलात चिखल जातो, बारूदाची काजळी साठते, थंडीत तेल गोठतं, आणि एकाची स्लाइड दुसऱ्याच्या फ्रेमवर बसावी लागते. 1911 च्या मार्चमध्ये अमेरिकी सैन्यानं कोल्टचं .45 पिस्तूल तपासलं तेव्हा ते 6,000 गोळ्या न अडता चाललं. ती पिस्तुलं हलवली की वाजायची, हेही तितकंच प्रसिद्ध आहे. मला तरी हा व्यवहार पटतो.

पोराच्या हातातलं पिस्तूल या दोन्ही जातींतलं नव्हतं. नेमबाजीच्या बऱ्याच .22 पिस्तुलांत नळी पक्की असते, दोन्ही साईट न हलणाऱ्या भागावर असतात आणि आत फक्त बोल्ट मागं-पुढं होतो. तात्यांनी उद्यमनगरातल्या भावाच्या वर्कशॉपमधून आणलेला डायल गेज काढला, चुंबकाच्या स्टँडवर बसवला, काटा बोल्टला टेकवला. बोटानं दाबल्यावर काटा पंधरा घरं फिरला. एक घर म्हणजे 0.01 मिमी. "ही तुझी खडखड. हिचा साईटशी काय संबंध?"

मग काटा मागच्या साईटला लावला. इथं तो जागचा हलायला नको होता. अंगठ्यानं रेटलं तसा सहा घरं सरकला. साईटचा स्क्रू ढिला होता, आणि त्याचा आवाज अजिबात येत नव्हता.

पोरानं मोबाईलवर हिशेब मांडला. 25 मीटरच्या या प्रकारात दोन साईटमधलं अंतर जास्तीत जास्त 220 मिमी असतं. तेवढ्यात 0.06 मिमीची चूक, म्हणजे 25 मीटरवर सुमारे 7 मिमी. त्याचा चेहरा उजळला. तात्यांनी स्क्रू आवळला, काटा पुन्हा लावून बघितला, आणि मग लक्ष्याचा वापरलेला कागद समोर धरला. दहाचं वर्तुळ 50 मिमी व्यासाचं, आठाचं 150 मिमी. आठात लागलेली गोळी मध्यापासून निदान 5 सेंटिमीटर दूर.

"सात मिलिमीटर स्क्रूनं खाल्लं. बाकीचं कुणी खाल्लं रं?"

पोरगं काही बोललं नाही. तात्यांनी त्याला पिस्तूल परत दिलं, मॅगझिन मात्र आपल्याकडंच ठेवून घेतलं, आणि कोऱ्या भिंतीकडं तोंड करून ट्रिगर दाबायला उभं केलं.