निळा मास्क कापडाचा नसतोच! मग फेकून दिल्यावर त्याचं होतं काय?

एप्रिल २०२१. कोरोनाची दुसरी लाट जोरात होती. जळगावच्या एमआयडीसी भागात पोलिसांनी एका गादी कारखान्यावर छापा टाकला, तेव्हा गाद्यांमध्ये कापसाऐवजी चक्क वापरलेले मास्क भरले जात असल्याचं उघड झालं. बातमी वाचून अनेकांना किळस आली. पण मास्क तोंडावरून उतरला की तो संपत नाही, हेही त्या बातमीने दाखवून दिलं.

मास्क बनतो कशाचा?

दिसायला कापड, हाताला कागद. पण दवाखान्यात किंवा मेडिकलमध्ये मिळणारा निळा सर्जिकल मास्क असतो प्लास्टिकचा. त्याचे तिन्ही पदर सहसा पॉलिप्रॉपिलीनचे असतात. सिमेंटच्या आणि खताच्या गोण्या ज्या प्लास्टिकच्या बनतात, तेच हे. मधल्या पदरासाठी प्लास्टिक वितळवून गरम हवेच्या झोताने त्याचे अतिशय बारीक तंतू काढतात. जंतू अडवण्याचं मुख्य काम हाच पदर करतो.

सडत नाही, फक्त झिजतो

प्लास्टिकची पिशवी रस्त्यावर टाकताना निदान काहींचा हात अडखळतो. मास्क मात्र कापड समजून सहज टाकला जातो. पण तो कुजत नाही. ऊन आणि पाण्याच्या माऱ्याने त्याचे तंतू सुटत राहतात. इटलीतल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत मास्कवर अतिनील किरणांचा मारा केला आणि तो खाऱ्या पाण्यात घुसळला. तेव्हा एका मास्कमधून दिवसाला १ लाख ७३ हजारांपर्यंत तंतू सुटू शकतात, असं त्यांना आढळलं. हेच ते मायक्रोप्लास्टिक.

फेब्रुवारी २०२० मध्ये, म्हणजे भारतात लॉकडाऊन लागण्याआधीच, हाँगकाँगजवळच्या सोको बेटांवर १०० मीटरच्या किनाऱ्यावर सुमारे ७० मास्क सापडले. ते शोधणाऱ्या ओशन्सएशिया या संस्थेने पुढे एक हिशेब मांडला. २०२० मध्ये जगात अंदाजे ५,२०० कोटी मास्क बनले आणि त्यातले तीन टक्के जरी वाहून गेले, तरी समुद्रात पोचणाऱ्या मास्कची संख्या होते १५६ कोटी! त्याच वर्षी ब्राझीलच्या किनाऱ्यावर मेलेल्या एका पेंग्विनच्या पोटात अख्खा मास्क निघाला. इंग्लंडमध्ये मास्कच्या दोऱ्यांत पाय अडकलेला समुद्रपक्षी सापडला.

काळजी घेणारेच बेफिकीर कसे?

यामागे भीतीही आहे. तोंडावर असेपर्यंत मास्क रक्षण करतो, पण उतरवला की तोच जंतूंचा वाटू लागतो. मग कधी एकदा हातातून जातो असं होतं आणि तो रस्त्याच्या कडेला, गटारात किंवा ओल्या-सुक्या कचऱ्यात तसाच पडतो. स्वतःला नकोसा झालेला तो मास्क शेवटी उचलतं कोण? सफाई कामगार आणि कचरावेचक, अनेकदा उघड्या हातांनी.

म्हणूनच केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने कोरोनाकाळात घरोघरच्या मास्कसाठी साधी पद्धत सांगितली होती. वापरलेला मास्क कागदी पिशवीत किमान ७२ तास ठेवायचा आणि मगच कचऱ्यात द्यायचा. टाकण्याआधी तो कापायचा, म्हणजे कुणी पुन्हा वापरणार नाही. दोऱ्या कापल्या, तर पक्ष्यांचे पायही अडकत नाहीत.

पुनर्वापर होऊ शकतो का?

होऊ शकतो. गुजरातमधल्या वलसाडच्या बिनिश देसाई यांनी मास्क आणि पीपीई किटचा चुरा, कागदाचा लगदा व चिकटद्रव्य यांपासून विटा बनवल्या. पण त्यासाठी मास्क आधी वेगळा गोळा व्हायला हवा. भाजीच्या देठांत मिसळलेला मास्क कुणाच्याच कामाचा नाही.

महाराष्ट्रात एप्रिल २०२२ पासून मास्कची सक्ती उठली. दवाखान्यात, धुळीत, सर्दी-खोकल्यात तो आजही वापरला जातो. तेव्हा सवय एवढीच लावायची: दोऱ्या कापा, कागदात गुंडाळा, तीन दिवस बाजूला ठेवा आणि मग सुक्या कचऱ्यात द्या. मास्क लावताना स्वतःची जेवढी काळजी घेतली, तेवढीच टाकताना कचरा उचलणाऱ्याची घ्या.