जुन्या अंगठीतला हिरा कसा पारखावा?

युरोप-अमेरिकेत लग्न ठरताना हिऱ्याची अंगठी देण्याची प्रथा आहे. नव्या अंगठीऐवजी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची अंगठी पसंत करणारेही पुष्कळ असतात. रक्कम मोठी, आणि मूळ खडा मधल्या काळात कोणी बदलला नसेल याची खात्री नाही, असा हा व्यवहार! शाळेतले पदार्थविज्ञान येथे किती उपयोगी पडते ते आपण पाहू.

प्रथम पैलू पाहू. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२ आहे. १ भागिले २.४२ म्हणजे ०.४१३; ही ज्या असलेला कोन सुमारे २४.४ अंश. हाच हिऱ्याचा क्रांतिक कोन. साध्या काचेचा तो जवळजवळ ४२ अंश असतो. क्रांतिक कोन इतका लहान असल्याने हिऱ्यात शिरलेल्या प्रकाशाचे तळच्या पैलूंवर सहज पूर्ण आंतरिक परावर्तन होते व तो वरून बाहेर पडतो. मात्र पैलूंचे कोन चुकले तर तो तळातून निसटतो. योग्य कोनांचे गणित मार्सेल टोल्कोव्स्की यांनी १९१९ साली मांडले. त्याआधीचे कारागीर नजरेच्या अंदाजाने आणि वजन वाचवत पैलू पाडत. म्हणून जुन्या हिऱ्याचा माथा उंच व वरचा सपाट पैलू लहान असतो. तळाचे टोक छाटलेले असल्याने वरून मध्यभागी लहानसे वर्तुळ दिसते.

पण जुन्या पद्धतीचे पैलू आजही पाडता येतात. तेव्हा एवढ्यावर निर्णय देता येणार नाही. खडा हिऱ्याचाच आहे का, हेही पाहायला हवे.

हिऱ्याची घनता ३.५२ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर असते; पण कोंदणात बसलेल्या खड्याची घनता मोजणार कशी? काचेवर ओरखडा काढून पाहणेही व्यर्थ, कारण कृत्रिम झिर्कोनियाही काचेवर ओरखडा काढतो. उष्णतावहन मात्र उपयोगी आहे. हिरा तांब्याच्या सुमारे पाचपट उष्णतावाहक असल्याने त्यावर सोडलेली श्वासाची वाफ क्षणात विरते. रत्नपारख्यांचे छोटे उपकरण याच गुणधर्मावर चालते. येथेही एक अडचण आहे. मोइसनाइट, म्हणजे सिलिकॉन कार्बाइड, हेही उष्णतेचे उत्तम वाहक आहे व या उपकरणाला फसवू शकते. अशा वेळी दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्यावे आणि खडा थोडा तिरपा करून पाहावा. मोइसनाइटमध्ये द्विअपवर्तन होत असल्याने मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. हिऱ्याचा स्फटिक घनीय असल्याने त्यात त्या एकेरीच राहतात.

प्रयोगशाळेत हिरा बनवण्यात १९५४ साली यश आले. असा हिरा वरील सर्व कसोट्यांना उतरतो, कारण तो हिराच असतो! तो ओळखायला वर्णपटाचा अभ्यास लागतो. म्हणून मोठी रक्कम देण्यापूर्वी रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचा अहवाल मागावा.

दोन गोष्टी टाळाव्यात. अठराव्या शतकातील काही अंगठ्यांत खड्यामागे चकाकता वर्ख बसवलेला असतो. पाणी शिरल्यास तो काळवंडतो, म्हणून त्या पाण्यात बुडवू नयेत. तसेच अधिक लकाकीसाठी जुन्या हिऱ्याला नव्याने पैलू पाडू नयेत. वजन घटते, आणि जुनी घडण परत मिळत नाही.

मोइसनाइट शाळेत कुठून आणायचा? कॅल्साइटचा पारदर्शक तुकडा कागदावरील रेघेवर ठेवून फिरवावा. एका रेघेच्या दोन झालेल्या विद्यार्थ्यांना दिसतील. मग त्याच रेघेवर काचेची वडी ठेवावी आणि फरकाचे कारण त्यांनाच विचारावे.