तिची रेघ, तिचे रंग – भाग ७ : वाकळ कुणी रचली?

गेल्या आठवड्यात आपण भानू अथैया यांच्याविषयी वाचलं. कोल्हापूरची मुलगी, जे. जे. कला महाविद्यालयात शिकली आणि १९८३ साली ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळवणारी पहिली भारतीय ठरली. त्यांचं नाव पडद्यावर झळकलं आणि इतिहासात नोंदलं गेलं. आज ज्यांचं नाव कुठल्याच वहीत नाही, अशा बायकांविषयी लिहायचं आहे.

कळंब तालुक्यातलं येरमाळा हे सोलापूर-धुळे महामार्गावरचं गाव, येडेश्वरीचं ठाणं. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत देवीची पालखी आमराईकडे निघते आणि वाटेवरच्या चुन्याच्या रानात भाविक चुनखडी वेचतात. त्याच्या बातम्या होतात, छायाचित्रं छापली जातात. पण मुक्कामाला आलेल्या माणसांनी अंगाखाली काय अंथरलंय, तिकडे कॅमेरा वळत नाही. तिथे वाकळ असते, कुणी तिला गोधडी म्हणतं. मराठवाड्यातल्या बायकांच्या हातून झालेली सर्वांत विचारपूर्वक रचना तीच, असं माझं ठाम मत आहे.

वाकळ शिवायला बसायचे दिवस साधारण उन्हाळ्याचे. रब्बीची ज्वारी घरात आलेली असते, पावसाला अवकाश असतो, अंगण कोरडं असतं. खाली सगळ्यांत धड राहिलेलं लुगडं अंथरतात. नऊवारी लुगडं लांबीला आठ मीटरच्या पुढे, पण रुंदीला जेमतेम सव्वा मीटर. म्हणून ते कापून दोन पट्टे शेजारी शेजारी जोडावे लागतात. त्यावर विरलेली धोतरं, जुने परकर, सदऱ्यांच्या पाठी यांचे थर येतात. एकही सुरकुती राहू द्यायची नाही, कारण आत राहिलेली घडी पुढे रोज पाठीला टोचते. कोपऱ्यांवर दगड ठेवून कापड ताणायचं, कच्चे टाके घालायचे आणि मग वरचा थर मांडायचा.

खरी रचना होते ती इथे. इरकलीचा लाल काठ कडेला लावायचा की मधोमध? गुळेदगुड्ड खणाचा तुकडा एकच उरलाय, तर तो कुठे शोभेल? शेजारी गडद निळं असलं तर पिवळं उठून दिसेल, हे शिवणारीला कुणी रंगचक्र दाखवून शिकवलेलं नसतं. हाताशी आहे तेवढ्याच कापडात भागवायचं असतं. आज डिझाइनच्या शाळेत ‘मर्यादित साधनांत रचना करा’ असा धडा मुद्दाम दिला जातो. तिच्यासाठी ती रोजची अट होती.

मग धावदोरा. बहुतेक वाकळांत तो कडेने सुरू होतो आणि चौकटीत चौकट करत आत सरकतो. कुठे सरळ ओळींतच पुढे जातो. या टाक्यांनी थर सरकत नाहीत आणि धुताना आतलं कापड गोळा होत नाही. शिवाय टाका जरा खेचला गेला की कापडावर बारीक लाटा उठतात, त्याच तिची नक्षी होतात. उपयोग आणि सौंदर्य एकाच सुईतून उतरतं. बाळाच्या दुपट्याला सगळ्यांत जुनं सुती कापड राखून ठेवतात, कारण वर्षानुवर्षं धुतलेल्या सुताची खळ गेलेली असते, ते मऊ पडतं आणि ओल चटकन शोषतं.

पुढे नायलॉन आणि पॉलिएस्टरच्या साड्या घरोघरी आल्या. हे कापड निसरडं, टाक्यात नीट बसत नाही, घाम शोषत नाही. रंग मात्र भडक आणि न विटणारे. नव्या वाकळा जुन्यांपेक्षा झगझगीत दिसतात त्या त्यामुळे. नाकं मुरडण्यापेक्षा बायकांनी या अवघड कापडाशीही कसं जुळवून घेतलं, ते बघायला हवं.

बंगालच्या कांथ्याकडे, म्हणजे तिथल्या गोधडीकडे, कलाभ्यासकांचं लक्ष बरंच आधी गेलं. स्टेला क्रामरिश यांनी १९३९ मध्येच त्यावर लेख लिहिला. कोलकात्याच्या गुरुसदय संग्रहालयात मानदासुंदरी नावाच्या बाईने वडिलांसाठी शिवलेला कांथा आहे. तिने आपलं नाव त्यावर सुईनेच लिहून ठेवलं, म्हणून आज ती आपल्याला माहीत आहे. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची कृष्णवर्णीय शेतकरी कुटुंबांची वस्ती आहे. तिथल्या बायकाही शेतात झिजलेल्या कपड्यांच्याच गोधड्या शिवत. २००२ मध्ये त्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयाच्या भिंतींवर लागल्या, प्रत्येकीच्या नावासकट. नाव लागलं म्हणून हक्कही मागता आला. २००७ मध्ये त्यांच्यातल्या काही जणींनी आपल्या कामाच्या मोबदल्यासाठी न्यायालयात दावे लावले.

आपल्याकडे गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर इंग्रजीत पुस्तक केलं, हे मोलाचं काम आहे. पण येरमाळ्याहून त्याच महामार्गाने खाली गेलं की लागणाऱ्या सोलापूरच्या चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, तिची ओळख कायद्याने राखली गेली. वाकळेला अशी ओळख नाही. शहरात आता गोधड्या दुकानांत सजवून ठेवतात. त्यावर दुकानाची चिठ्ठी असते, शिवणारीची नसते. नगावर मजुरी घेऊन ती मोकळी होते. हे मला अन्यायाचं वाटतं, आणि तो दूर करायला सरकारी योजनेची वाट पाहायची गरज नाही.

तुमच्या घरात आजीने, आत्याने, शेजारच्या काकूंनी शिवलेली वाकळ असेल तर ती या उन्हाळ्यात बाहेर काढा. पुढून आणि मागून, दोन्ही बाजूंनी तिचं छायाचित्र घ्या. शिवणारी हयात असेल तर तिच्याजवळ बसून विचारा, कुठला तुकडा कुणाच्या अंगावरचा आणि तो तिथेच का लावला. मग सुती कापडाच्या पट्टीवर तिचं पूर्ण नाव, गाव आणि साल लिहून ती पट्टी वाकळेच्या मागच्या कोपऱ्यात टाचून टाका. विकत घेत असाल तर दुकानदाराला शिवणारीचं नाव विचारा आणि ते मिळेपर्यंत विचारत राहा.