दाढ काढण्याआधी एवढं सांगा

तोंडाच्या कॅन्सरचे शेक, म्हणजे किरणोपचार, संपले की उपचार संपले, असं घरच्यांना वाटतं. दातांचं आणि जबड्याचं दुखणं मात्र त्यानंतर काही महिन्यांनी, कधी कधी काही वर्षांनी डोकं वर काढतं. यातलं बरंचसं टाळता येतं. त्यासाठी दातांच्या डॉक्टरकडची पहिली फेरी शेक सुरू होण्याआधीच व्हायला हवी.

माढा तालुक्यातल्या मोडनिंबच्या माणसाला तोंडाचा कॅन्सर निघाला की आधी प्रवास सुरू होतो. कुणी कुर्डुवाडीमार्गे बार्शी गाठतं, कुणी हायवेने सोलापूर, तर कुणी थेट पुणे-मुंबई. त्यातल्या त्यात माढा तालुक्याला बार्शीचा आधार जुना आहे. तिथलं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल या भागातल्या खेड्यापाड्यांना परिचयाचं आहे. देशातली ग्रामीण भागातली पहिली कॅन्सर नोंदणी १९८७ साली याच बार्शीत, टाटा मेमोरियलच्या मदतीने सुरू झाली. पैशाचा प्रश्नही थोडा हलका झाला आहे. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत आली, त्यांत सोलापूर होता. तीच योजना आज महात्मा फुल्यांच्या नावाने चालते, आणि तीत कॅन्सरचं ऑपरेशन, शेक, केमो बसतं.

या सगळ्या धावपळीत एक गोष्ट हमखास मागे पडते, ती म्हणजे दात. कागद गोळा करायचे असतात, रक्ताची सोय करायची असते, मुक्कामाला कोण थांबणार हे ठरायचं असतं. जिथे जीव वाचतो की नाही याचा घोर, तिथे किडलेल्या दाढेची आठवण कोण काढणार? पण शेक त्याच जबड्यावरून जाणार असतात, आणि जबडा ते विसरत नाही.

लाळ आटते तेव्हा

तोंडाच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशननंतर शेक द्यायचे ठरले तर एकूण मात्रा साधारण ६० ते ६६ ग्रे असते. रोज २ ग्रे, आठवड्यातले पाच दिवस, अशा तीस ते तेहतीस बैठका. म्हणजे सहा-साडेसहा आठवडे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड आतून सोलल्यासारखं लाल होतं, गिळताना आग होते, चव जाते. हा त्रास मोठा असला तरी शेक थांबल्यावर काही आठवड्यांत तोंड भरून येतं. चव परतायला काही महिने लागतात.

लाळेचं तसं नाही. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. कानापुढच्या मोठ्या ग्रंथी पातळ, पाण्यासारखी लाळ देतात. जबड्याखालच्या आणि जिभेखालच्या ग्रंथींची लाळ त्यामानाने चिकट. किरणांचा पहिला घाव कानापुढच्या ग्रंथींवर बसतो. पातळ लाळ पहिल्याच आठवड्यात कमी होऊ लागते आणि उरते ती दोऱ्यासारखी ओढली जाणारी, घट्ट लाळ. नव्या यंत्रांनी या ग्रंथी बऱ्याच वाचवता येतात. ब्रिटनमध्ये घशाच्या कॅन्सरच्या रुग्णांवर झालेल्या एका तुलनेत जुन्या पद्धतीने शेक घेतलेल्या ७४ टक्के रुग्णांना वर्षभरानंतरही तोंडाच्या कोरडेपणाचा ठळक त्रास होता. नव्या, आयएमआरटी पद्धतीत तो ३८ टक्क्यांवर आला. २०११ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास दिलासा देणारा आहे, पण ३८ टक्के हा आकडाही लहान नाही.

लाळेचं काम घास ओला करण्यापुरतं नसतं. जेवणानंतर तोंडात आम्ल तयार होतं, ते लाळ शमवते. दाताच्या कवचातून निसटलेलं कॅल्शियम आणि फॉस्फेट ती परत भरते. जंतूंना आवर घालणारे घटकही तिच्यात असतात. ती आटली की आम्ल दातावर तासन्‌तास बसून राहतं. म्हणून शेकानंतरची कीड वेगळी दिसते. एरवी कीड दाढेच्या खाचेत किंवा दोन दातांच्या फटीत लागते. इथे ती हिरडीलगत, दाताच्या मानेभोवती गोल फिरते. दातांची टोकं झिजून तपकिरी होतात. ज्यांना एरवी सहसा कीड लागत नाही, ते खालचे पुढचे दातही यातून सुटत नाहीत. शेक संपल्यावर तीन-चार महिन्यांतसुद्धा हे सुरू होऊ शकतं. बऱ्याचदा ते दुखतही नाही, आणि एक दिवस घास चावताना दाताचा वरचा भाग अख्खाच तुटून हातात येतो.

कोरड्या तोंडावर आपण जे घरगुती उपाय करतो, ते इथे नेमके उलटतात. तोंडाला ओलावा यावा म्हणून खडीसाखर चघळणं, आवळा कँडी गालात धरणं, लिंबाची फोड चोखणं, दर तासाला घोटभर गोड चहा घेणं. यातल्या काहींत साखर आहे, काहींत आम्ल आहे आणि आवळा कँडीत दोन्ही. साधं पाणी घोट घोट पीत राहणं हा सगळ्यांत स्वस्त आणि बिनधोक उपाय. साखर नसलेलं च्युइंगगम, कृत्रिम लाळेचा फवारा आणि काही रुग्णांना पायलोकार्पिनची गोळी उपयोगी पडते, पण ही गोळी डॉक्टरांनीच ठरवायची. जेवणाची घडीही बदलावी लागते. सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी या तोंडाला सोसत नाही. ताजी भाकरी दुधात किंवा पातळ आमटीत कुस्करून, ज्वारीची कण्या-आंबील, मऊ भात, पिठलं असं ओलं जेवण बरं.

हाडाला भरून यायची ताकद उरत नाही

दात किडले तर काढून टाकू, हा आपला सरळ हिशोब. शेक घेतलेल्या माणसाच्या बाबतीत सगळ्यांत मोठा धोका याच हिशोबात आहे.

किरणांनी जबड्यातल्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू बंद होत जातात, हाड घडवणाऱ्या पेशी कमी होतात. वरून काही दिसत नाही. पाटाचं पाणी तुटलेल्या वावरासारखं ते हाड असतं: जोवर कुणी खणत नाही तोवर ठीक, पण एकदा खड्डा पडला की तो भरून येत नाही. दात उपटला की जबड्यात जखम होते. निरोगी माणसात ती काही आठवड्यांत भरते. इथे हिरडी मिटत नाही, पिवळट हाड उघडं पडतं, पू येतो, वास येतो, आणि पुढे जबडा आपोआप मोडण्याचीही वेळ येऊ शकते. तीन महिने उलटूनही उघडं हाड झाकलं गेलं नाही आणि कॅन्सर परतलेला नाही, अशी खात्री झाली की डॉक्टर त्याला ऑस्टिओरेडिओनेक्रोसिस म्हणतात. साध्या शब्दांत, किरणांमुळे मेलेलं हाड. वरच्या जबड्यापेक्षा खालच्या जबड्याला याचा धोका जास्त, कारण त्याचा रक्तपुरवठा मुळातच तोकडा. त्यातही मागच्या दाढांची जागा नाजूक, आणि मात्रा ६० ग्रेच्या पुढे गेलेली असेल तर अधिकच.

हे सगळ्यांना होत नाही. आजच्या उपचारांत शंभरातल्या मोजक्याच रुग्णांवर ही वेळ येते. पण हा धोका पाच वर्षांनी संपला, दहा वर्षांनी संपला, असं कधीच म्हणता येत नाही. म्हणून घोळ होतो तो इथे. शेक घेऊन सहा वर्षं झालेली असतात, माणूस शेतीवाडीत, बाजारहाटात रमलेला असतो. एक दिवस दाढ ठणकते. तो जवळच्या दवाखान्यात जाऊन सांगतो, "डॉक्टर, एवढी दाढ काढून टाका." डॉक्टर बीपी विचारतात, शुगर विचारतात. जुन्या शेकाचा विषय दोघांच्याही ध्यानात येत नाही.

एकदा हाड उघडं पडलं की उपचार लांबतो. सुरुवातीला स्वच्छता, प्रतिजैविकं, पेंटॉक्सिफायलिन आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या. वाढलं तर मेलेलं हाड काढणं. फारच झालं तर पायाचं हाड घेऊन जबडा नव्याने उभारणं. दाबाच्या बंद खोलीत शुद्ध ऑक्सिजन देण्याचा महागडा उपायही सुचवला जातो. शेकानंतर दात काढण्याआधी हा ऑक्सिजन दिला तर हाड वाचतं का, हे ब्रिटनमधल्या होपॉन नावाच्या चाचणीत तपासलं गेलं. २०१९ साली आलेल्या निष्कर्षात दोन्ही गटांत फारसा फरक दिसला नाही. त्यामुळे केवळ खबरदारी म्हणून त्यापायी कर्ज काढण्याआधी कुटुंबाने दुसऱ्या तज्ज्ञाचं मत जरूर घ्यावं.

आवळलेलं तोंड

आपल्याकडे या दुखण्याला आणखी एक पदर आहे. मावा, गुटखा, सुपारी यांनी कॅन्सरच्या आधीच अनेकांचं तोंड आवळलेलं असतं. गालाच्या आत तंतू धरून पांढरट, ताठ पट्टे तयार होतात. त्यावर ऑपरेशन आणि शेक आले की जबड्याचे स्नायू आणखी आखडतात. तोंडात स्वतःची तीन बोटं उभी घालता येत नसतील, म्हणजे साधारण ३५ मिलिमीटरपेक्षा कमी उघडत असेल, तर ब्रश मागच्या दाढांपर्यंत पोचत नाही आणि दंतवैद्याचं हत्यारही आत जात नाही. ज्या दाढेला रूट कॅनालने वाचवता आलं असतं, ती निव्वळ जागा नाही म्हणून हातची जाते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. मिश्री आणि चुना-तंबाखू मात्र घराघरांत आहेच.

२००९ ते २०१४ या काळात माढ्याचे खासदार असलेल्या शरद पवारांना २००४ साली तोंडाच्या कॅन्सरने गाठलं होतं. ऑपरेशनमध्ये दात काढावे लागले, तोंड नीट उघडेना, गिळायला आणि बोलायला त्रास झाला, हे त्यांनी नंतर जाहीर कार्यक्रमांतून स्वतः सांगितलं आहे. उत्तमातले उत्तम डॉक्टर हाताशी असलेल्या माणसालाही यातून सुटका नव्हती. मग ज्याला बार्शीची फेरीसुद्धा रोजंदारी बुडवून करावी लागते, त्याने तर आधीच सावध व्हायला हवं.

तोंड उघडण्याचा व्यायाम शेक चालू असल्यापासूनच करायचा असतो. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या आणि दर काही दिवसांनी त्यात एक काडी वाढवायची. दिवसातून चार-पाच वेळा, काही महिने. खर्च जवळपास शून्य. चिकाटी मात्र हवी.

शेकाआधीचे दोन आठवडे

आता मुख्य मुद्दा. शेक ठरले की दंतवैद्याकडून तपासणी आणि जबड्याचा पूर्ण एक्स-रे करून घ्यावा. वाचणार नाहीत असे दात, फार हलणारे, मुळापर्यंत किडलेले, अर्धवट उगवलेल्या अक्कलदाढा, हे सगळं शेकाच्या किमान दोन आठवडे आधी काढावं, म्हणजे जखम भरायला वेळ मिळतो. ऑपरेशन होणार असेल तर बऱ्याचदा त्याच भुलीत हे दातही काढता येतात. नुसतं विचारायचा अवकाश. पण दातांपायी कॅन्सरचा उपचार मात्र लांबवायचा नाही. ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत शेक सुरू व्हायला हवेत.

पूर्वी शेकाआधी सगळे दात सरसकट काढले जात. ती पद्धत आता मागे पडली आहे. चांगले दात ठेवायचे आणि जपायचे. त्यासाठी फ्लोराइड लागतं. बाजारातल्या नेहमीच्या टूथपेस्टमध्ये ते साधारण १००० पीपीएम असतं. शेक घेतलेल्यांसाठी ५००० पीपीएमची पेस्ट किंवा दवाखान्यात लावायचं वार्निश असतं. दातांच्या मापाचा साचा करून त्यात फ्लोराइडचं जेल भरून रोज रात्री काही मिनिटं धरणं, हाही जुना आणि खात्रीचा मार्ग. थुंकल्यावर अर्धा तास चूळ भरायची नाही, खायचं नाही. बाकी मऊ ब्रश, मीठ-खायच्या सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या आणि दर तीन-चार महिन्यांनी तपासणी. मिश्री कायमची बंद. कवळी बसवायची असेल तर घाई नको. ती घासून हिरडीला जखम झाली तरी आतलं हाड उघडं पडू शकतं.

आणि शेकानंतर दात दुखलाच, तर? काढणं हा शेवटचा पर्याय. आधी रूट कॅनाल. दाताचा वरचा भाग गेला असेल तर मूळ बंद करून हाडातच ठेवता येतं. काढणं टळतच नसेल तर ते मुखशल्यचिकित्सकाने, कमीत कमी इजा करून, एका वेळी एक-दोन दात एवढंच करावं.

त्याला हे ठरवायला एक माहिती लागते: कोणत्या बाजूला, किती ग्रे, कोणत्या साली. हॉस्पिटलमधून सुटी मिळताना हा मजकूर लिहून मागा. फाइल मोठी असते, हरवते. म्हणून त्या एका पानाचा फोटो रुग्णाच्या आणि मुलाच्या मोबाइलमध्ये असू द्या. गावातल्या दंतवैद्यांनीही बीपी-शुगरच्या प्रश्नासोबत तिसरा प्रश्न विचारायची सवय लावून घ्यावी. तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण ज्या भागात एवढे आहेत, तिथे "तोंडाला किंवा मानेला कधी शेक घेतलेत का?" हे विचारायला दहा सेकंद लागतात. आणि त्यांनी नाही विचारलं, तर खुर्चीत बसल्या बसल्या रुग्णाने स्वतःहून सांगावं: "डॉक्टर, माझ्या जबड्याला शेक दिलेत."