पोथ्यांचा पाठलाग: हजरतगंज ते भांडारकर

लखनौला गेलेला मराठी माणूस हजरतगंजात हटकून चक्कर मारतो. संध्याकाळी गंजात रमतगमत फिरण्याला तिथली मंडळी ‘गंजिंग’ म्हणतात. चिकनकारीचे कुर्ते, चाट, जुनी पुस्तकांची दुकाने यांत तास-दोन तास कसे जातात ते कळत नाही. याच बाजाराच्या अंगाला नवल किशोर रोड आहे. एका छापखान्याच्या मालकाचे नाव या रस्त्याला दिले आहे, आणि भारतात धर्मग्रंथ सामान्य माणसाच्या हाती कसे आले याची गोष्ट या मालकाला वगळून सांगता येत नाही.

मुन्शी नवल किशोर १८५८ साली लखनौत आले, तेव्हा बंडाच्या धामधुमीतून शहर पुरते सावरलेही नव्हते. त्याच वर्षी त्यांनी छापखाना काढला आणि पुढच्या वर्षी ‘अवध अखबार’ सुरू केला. १८९५ साली ते वारले, तोवर त्यांच्या छापखान्यातून उर्दू, फारसी, अरबी, हिंदी आणि संस्कृत पुस्तके हजारोंनी बाहेर पडली होती. कुराणाच्या स्वस्त प्रती निघाल्या, तुलसीदासांचे रामचरितमानस निघाले, अकबराच्या दरबारात झालेले महाभारताचे फारसी भाषांतरही निघाले. कुराण छापणारा मालक हिंदू भार्गव घराण्यातला होता, आणि त्याचे त्या काळी कुणाला वावडे वाटले नाही. छपाई शिळाछापाने होई: कातिब म्हणजे लेखनिक चिकट शाईने कागदावर मजकूर लिही, तो कागद दाबून अक्षरे शिळेवर उतरवली जात आणि शिळेवरून प्रती निघत. नस्तालिक वळणाची उर्दू-फारसी अक्षरे शिशाच्या खिळ्यांत नीट बसत नसत. शिळाछापात मात्र कातिबाचा हात जसाच्या तसा उमटे. उत्तर भारतात शिळाछाप इतका फोफावला त्याचे हे एक मोठे कारण.

पण ग्रंथ छापायचा म्हटला की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो: यातला कोणता पाठ खरा? दहा पोथ्यांत दहा पाठ असतील तर शिळेवर कोणता चढवायचा? छापखान्याला ग्राहक सांभाळायचा असतो, त्यामुळे लोकांना सवयीचा असेल तो पाठ तो छापतो. बाकीचे नऊ पाठ शोधायचे, ताडून पाहायचे आणि निवड का केली ते सांगायचे, हे विद्वत्सभेचे काम आहे. एका माणसाच्या आयुष्यात ते पुरे होत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही जाणीव जगभर झालेली दिसते. अमेरिकेत १८८० साली बायबलच्या अभ्यासकांची संस्था उभी राहिली. लंडनमध्ये १८८१ साली ऱ्हीस डेव्हिड्स यांनी ‘पाली टेक्स्ट सोसायटी’ काढली आणि बौद्ध त्रिपिटक रोमन लिपीत छापायला घेतले. सायणभाष्यासह ऋग्वेद मॅक्स म्युलर यांनी त्याआधीच, १८४९ ते १८७४ या काळात काढला होता. त्याचा खर्च सुरुवातीला ईस्ट इंडिया कंपनीने उचलला होता. आपले वेद परदेशात छापून येतात, ही गोष्ट इथल्या विद्वानांना अभिमानाची वाटे आणि तितकीच बोचेही.

पुण्यात याचे उत्तर ६ जुलै १९१७ रोजी मिळाले. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी त्या दिवशी ऐंशी वर्षे पुरी केली, आणि त्याच दिवशी त्यांच्या नावाने भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना झाली. त्यांनी आपला ग्रंथसंग्रह संस्थेला दिला. पाठोपाठ डेक्कन कॉलेजात असलेला सरकारी हस्तलिखितांचा संग्रहही इथे आला. मुंबई सरकारने १८६६ पासून ब्यूलर, कीलहॉर्न, पीटर्सन आणि खुद्द भांडारकर यांच्याकरवी गावोगाव हिंडून हा संग्रह जमवला होता. ब्यूलर यांनी काश्मीरहून आणलेली, भूर्जपत्रावर शारदा लिपीत लिहिलेली ऋग्वेदाची पोथी यातलीच. संस्थेतल्या ऋग्वेदाच्या ३० हस्तलिखितांची २००७ साली युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत नोंद झाली, त्यांत ही पोथीही आहे.

संस्थेचे नाव जगभर झाले ते महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीमुळे. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी या कामाला एक लाख रुपये देऊ केले आणि १ एप्रिल १९१९ रोजी खुद्द भांडारकरांच्या हस्ते कामाला सुरुवात झाली. पुढे निजामाकडूनही मदत आली. संस्थेच्या आवारातल्या निजाम गेस्ट हाउसच्या नावात ती आठवण अजून आहे. हजरतगंजात हिंदू मालकाने कुराण छापले आणि हैदराबादच्या मुसलमान राजाने महाभारताला पैसे पुरवले, या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. ज्या देशात हे घडले, तिथे ग्रंथांवरून माणसे एकमेकांच्या अंगावर धावून जातात, हे पाहून मन विषण्ण होते.

काम कसे चालत असे? एकेका श्लोकाला एकेक मोठा कागद. वर आधाराला धरलेला पाठ, प्रत्येक अक्षर वेगळ्या चौकोनात. त्याखाली प्रत्येक पोथीसाठी एक ओळ, आणि जिथे त्या पोथीतले अक्षर वेगळे असेल तेवढेच त्या चौकोनात भरायचे. मल्याळम, तेलुगू, ग्रंथ, बंगाली, मैथिली, शारदा, नेपाळी अशा नाना लिपी वाचणारी माणसे लागत. सगळ्या पोथ्या पुण्यात आणणे शक्य नव्हते, म्हणून शांतिनिकेतनात विश्वभारतीत आणि तंजावरातही ताडणीची केंद्रे होती. एकट्या आदिपर्वासाठी सुमारे ६० पोथ्या अक्षर न् अक्षर ताडून पाहिल्या. अठरा पर्वे आणि हरिवंश मिळून १२५९ हस्तलिखिते वापरली गेली.

१९२५ साली विष्णु सीताराम सुखठणकर मुख्य संपादक झाले आणि कामाला शिस्त आली. केंब्रिजला गणित शिकलेला हा माणूस बर्लिनला जाऊन संस्कृतचा पंडित होऊन परतला होता. गणिताचा काटेकोरपणा त्यांच्या पद्धतीत जागोजागी दिसतो. उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या पोथ्या जिथे जुळतात तो पाठ भरवशाचा, जिथे फुटतात तिथे सावध राहायचे. ज्या शब्दाबद्दल संपादकाची खात्री नाही, त्याच्याखाली नागमोडी रेघ ओढायची. मागाहून घातलेल्या वाटणाऱ्या ओळी फेकून द्यायच्या नाहीत, तारांकन देऊन तळटीपेत ठेवायच्या. मोठी प्रकरणे परिशिष्टात जातात. म्हणजे संपादकाने घेतलेला प्रत्येक निर्णय वाचकासमोर उघडा असतो आणि वाचक तो नाकारू शकतो. धर्मग्रंथाच्या अभ्यासात याहून मोठा प्रामाणिकपणा सापडणे अवघड आहे.

या पद्धतीतून निघालेले निष्कर्ष पचवणे सोपे नव्हते. व्यासांनी सांगायचे आणि गणपतीने लिहून घ्यायचे, ही घराघरांत ठाऊक असलेली कथा मूळ संहितेतून परिशिष्टात गेली. वस्त्रहरणाच्या प्रसंगी द्रौपदी कृष्णाचा धावा करते, ते श्लोकही सभापर्वाच्या संहितेत नाहीत. एकामागून एक वस्त्रे निघत राहतात, एवढेच तिथे आहे. सभापर्व येल विद्यापीठाच्या फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादित केले, म्हणून कुणी परकीय दृष्टीचा ठपका ठेवील. पण पुरावा पोथ्यांचा आहे, आणि त्या पोथ्या भारतातल्या मठांत, वाड्यांत आणि पंडितांच्या घरी जपलेल्या होत्या.

पाठ ताडून पाहणे हे पाश्चात्त्य खूळ आहे असे मानणाऱ्यांनी नीळकंठ चतुर्धरांची आठवण ठेवावी. सतराव्या शतकातले हे कोपरगावचे मराठी पंडित काशीला जाऊन राहिले आणि महाभारतावर त्यांनी टीका लिहिली. नाना प्रांतांतल्या पोथ्या जमवून, त्यांतून उत्तम पाठ ठरवूनच आपण लिहीत आहोत, असे ते स्वतः सुरुवातीला सांगतात. सुखठणकरांचे निकष अधिक कडक आहेत, पण वाट तीच आहे.

मुंबई विद्यापीठात महाभारताच्या अर्थावर सुखठणकरांची चार व्याख्याने ठरली होती. तीन झाली, आणि चौथे होण्याआधीच २१ जानेवारी १९४३ रोजी ते गेले. श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि त्यांच्यानंतर परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी काम पुढे नेले. २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत ते पूर्ण झाल्याचे जाहीर झाले, तेव्हा सत्तेचाळीस वर्षे उलटली होती. याच धर्तीवर बडोद्याला वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती झाली.

त्याच काळात महाराष्ट्रात इतरत्रही असेच काम चालले होते. पुण्यात १९२८ साली स्थापन झालेल्या वैदिक संशोधन मंडळाने सायणभाष्यासह ऋग्वेदाचे पाच खंड १९३३ ते १९५१ या काळात काढले. मॅक्स म्युलर यांना न मिळालेल्या पोथ्याही त्यात वापरल्या गेल्या. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत लक्ष्मणशास्त्री जोशींनी धर्मकोशाचा डोंगर उचलला. पांडुरंग वामन काणे यांचा धर्मशास्त्राचा इतिहास १९३० ते १९६२ या काळात भांडारकर संस्थेनेच छापला, आणि १९६३ साली काण्यांना भारतरत्न मिळाले. एका पिढीत एवढे काम झाले, ते विद्वान एकमेकांची पोथी, एकमेकांचे पुस्तक आणि एकमेकांची टीका मोकळेपणाने घेत होते म्हणून.

हे विद्वान एकत्र येत ते अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेत. तिचे पहिले अधिवेशन नोव्हेंबर १९१९ मध्ये भांडारकर संस्थेतच झाले. वेद, अवेस्ता, पाली-प्राकृत, अरबी-फारसी या विषयांचे अभ्यासक एका मांडवाखाली येत. १९५१ साली ही परिषद लखनौला भरली. फिरंगीमहलच्या उलेमांनी घडवलेला दर्से-निजामी अभ्यासक्रम आणि नदवतुल उलेमाचे दारुल उलूम यांच्या या शहरात अशी परिषद भरणे सर्वस्वी उचित होते. लखनौ विद्यापीठातले संस्कृतचे प्राध्यापक के. ए. सुब्रमण्य अय्यर यांनी संपादित केलेले भर्तृहरीचे वाक्यपदीय पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने छापले. हजरतगंजात महात्मा गांधी मार्गावर अखिल भारतीय संस्कृत परिषद आहे. तिच्याकडे हस्तलिखितांचा संग्रह आहे आणि ‘ऋतम्’ ही तिची संशोधनपत्रिका. चिकनच्या दुकानांपासून ती लांब नाही. लखनौला जाणाऱ्या मराठी पर्यटकाच्या यादीत तिचे नाव सहसा नसते. ते असायला हवे.

५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेवर जमावाने हल्ला केला. पुस्तके, हस्तलिखिते आणि जुन्या वस्तूंची नासधूस झाली. संस्था पुन्हा उभी राहिली, काम चालू राहिले. क्योटोच्या मुनेओ तोकुनागा यांनी चिकित्सक संहिता संगणकावर उतरवली, केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी ती तपासून शुद्ध केली आणि ती आज कुणालाही फुकट मिळते. विवेक देवरॉय यांनी याच संहितेचे दहा खंडांत इंग्रजी भाषांतर केले. मात्र नवी पोथी वाचू शकणारी माणसे कमी होत आहेत. मोडी वाचणारे शोधावे लागतात, शारदा आणि ग्रंथ लिपी वाचणारे तर त्याहून विरळा. पैसा जमवता येईल, पण लिपी वाचणारा विद्वान घडायला दहा वर्षे जातात.

म्हणून वाचकांना एक विनंती. महाराष्ट्रातल्या अनेक घरांत माळ्यावर किंवा देव्हाऱ्यामागे लाल फडक्यात बांधलेल्या पोथ्या अजून आहेत. आजोबा गेले, वाचणारे कुणी उरले नाही, म्हणून त्या नदीत सोडण्याची चाल आहे. कृपा करून तसे करू नका. पोथीला चिकटपट्टी लावू नका, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, उन्हात वाळवू नका. स्वच्छ सुती कापडात, दोन फळ्यांमध्ये, कोरड्या जागी ठेवा आणि भांडारकर संस्थेला, वैदिक संशोधन मंडळाला किंवा जवळच्या विद्यापीठाच्या हस्तलिखित विभागाला कळवा. पोथी द्यायची नसेल तर निदान तिची छायाचित्रे घेऊ द्या.