रूप आणि सोय

बँकेतून पैसे काढावयाचे असोत की रेल्वेचे तिकीट, आज आपली गाठ माणसाऐवजी एका पडद्याशी पडते. हा पडदा देखणा असावा की सोयीचा, असा वाद पुष्कळदा घातला जातो. आमच्या मते या दोन गुणांत मुळीच वैर नाही. खरी अडचण अशी की, देखणेपणामुळे सोयीचा भास होतो.

१९९५ साली जपानातील हिताची कंपनीच्या मसाकी कुरोसू व काओरी काशिमुरा यांनी पैसे काढण्याच्या यंत्राच्या पडद्याचे २६ नमुने २५२ जणांपुढे ठेवले. घटक तेच, मांडणी तेवढी निराळी. जी मांडणी सुंदर वाटली तीच बहुधा सोपीही वाटली. ती मुळात सोयीची आहे की नाही, याचा त्या मताशी फारसा संबंध दिसला नाही. पुढे नोआम ट्रॅक्टिन्स्की यांना इस्राएलातही असेच आढळले. २००० सालच्या त्यांच्या प्रयोगात तर प्रत्यक्ष वापरानंतरही हा ग्रह टिकून राहिला.

म्हणून रूपाची निंदा करावी काय? नव्हे. सुंदर वस्तूपाशी माणूस बिचकत नाही, हाही लाभच होय. परंतु भासाची किंमत कोणाला तरी मोजावी लागते. ॲपलने सप्टेंबर २०१३ मध्ये आयओएस ७ आणले, तेव्हा अनेक बटणांच्या कडा पुसून केवळ रंगीत अक्षरे ठेवली. पडदा स्वच्छ दिसू लागला. पण कोणता शब्द वाचावयाचा आणि कोणता दाबावयाचा, हे ओळखणे अवघड झाले. मार्च २०१४ मध्ये बटणांचे आकार पुन्हा दाखविण्याची सोय द्यावी लागली. तीही सेटिंगमध्ये जाऊन शोधावयाची! ज्याची दृष्टी अधू, त्याने ती कशी शोधावी?

यास्तव रूपाला काही मर्यादा आधीच आखून द्याव्यात. वेबच्या सुगम्यता-मानकांनुसार सामान्य आकाराची अक्षरे व त्यांची पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे लागते. एवढे पाळून रंग हवा तो निवडावा.

आणि परीक्षा घेताना ‘आवडले का?’ एवढेच विचारून थांबू नये. एखाद्या आजोबांच्या हाती यंत्र देऊन एक काम सांगावे, आणि त्यांचे बोट कोठे अडखळते ते मुकाट्याने पाहावे.