अमझेऱ्याची अल्पवयीन माता

अमझेरा हे नाव आपल्या घरांतून ऐकू येते ते बहुधा चिमाजीअप्पांच्या संदर्भात. १७२८ च्या नोव्हेंबरात येथील लढाईत मोगल सुभेदार गिरिधर बहादूर पडला आणि माळव्याचे दार मराठ्यांना उघडले. गावची मंडळी मात्र अमका-झमका देवीचे देऊळ दाखवून रुक्मिणीहरण येथेच झाले असे सांगतात. (आमचे वैदर्भीय वाचक कौंडिण्यपुरावरील हक्क सोडणार नाहीत, हे आम्ही जाणतो!) आज आम्हांला लिहावयाचे आहे ते भोवतालच्या भिल्ल-भिलाला फलियांतील लहान वयाच्या मातांविषयी. धार जिल्ह्यात २०११ च्या शिरगणतीनुसार शेकडा ५६ च्या आसपास लोकसंख्या आदिवासी आहे.

या मातांसाठी सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००५ पासून जननी सुरक्षा योजना आहे. सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या ग्रामीण स्त्रीस मध्य प्रदेशात १,४०० रुपये मिळतात. २०११ पासून बाळंतपण, शस्त्रक्रिया, औषधे, दवाखान्यातील जेवण आणि जाण्यायेण्याची गाडी, सारे विनामूल्य झाले. २०१७ पासून पहिल्या अपत्यासाठी मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये आहेत. २०२२ पासून दुसरी मुलगी झाल्यास ६,०००. सप्टेंबर २०२५ मध्ये पंतप्रधानांनी स्त्रियांच्या आरोग्याची देशव्यापी मोहीम सुरू केली, तीही याच जिल्ह्यातील भैंसोला गावी.

मग अडते कोठे? वयाच्या रकान्यात. जननी सुरक्षेचे पैसे देताना मध्य प्रदेशात मातेचे वय विचारले जात नाही. मातृवंदनेसाठी मात्र, सध्याच्या नियमाप्रमाणे, मूल जन्मते वेळी आईला अठरा वर्षे सात महिने पूर्ण हवीत. बालविवाहास सरकारी पैशाने उत्तेजन मिळू नये, हा हेतू समजण्याजोगा आहे. परंतु सतराव्या वर्षी आई झालेल्या मुलीचे लग्न तिने ठरविलेले नसते. पहिल्या मुलाच्या वेळी पोषणाची गरज तिला सर्वांत अधिक, आणि नेमकी तीच वगळली जाते. हे आम्हांला पटत नाही.

दुसरी अडचण भीतीची. अठरा वर्षांखालील मुलीच्या गर्भारपणाची वर्दी पोलिसांस देणे २०१२ च्या कायद्याने बंधनकारक आहे. कायदा मुलीच्या रक्षणासाठीच आहे. पण नवरा तुरुंगात जाईल या धास्तीने सासरचे लोक तिला दवाखान्यात नेत नाहीत, नेले तर वय वाढवून सांगतात. मग रक्तक्षय, सिकलसेल यांची तपासणी वेळेवर होणार कशी? त्यातच कुटुंब मजुरीसाठी गुजरातेत गेले की अंगणवाडीतील नोंद इकडे आणि गर्भारशीण तिकडे.

शिक्षणाचे तर बोलावयास नको. लग्नाआधी मुलीला शाळेत टिकविणाऱ्या सोयी बऱ्या आहेत: २००४ पासूनची कस्तुरबा गांधी निवासी विद्यालये, २००७ पासूनची लाडली लक्ष्मी योजना. या दुसऱ्या योजनेची अखेरची रक्कम अठराच्या आत लग्न झाल्यास मिळत नाही. आई झालेल्या मुलीला भोपाळच्या मुक्त शाळा मंडळाची परीक्षा देता येते खरी. परंतु अंगणवाडीतील बालवर्ग तीन वर्षांच्या मुलापासून सुरू होतो. तोवर तान्हे मूल कोणाच्या ओटीत ठेवून तिने पुस्तक उघडावे?

धार, देवास, इंदूर येथील आपल्यापैकी अनेकांच्या घरी, मळ्यावर आणि बांधकामावर याच फलियांतील मुली कामास येतात. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्यकेंद्रांत गर्भवतींची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. त्या दिवशी, रोजंदारी न कापता, त्यांना सुटी द्यावी. जमल्यास आपल्या महिला मंडळातील एखादीने सोबत जाऊन तपासणीचे कार्ड मागून घ्यावे. गुजरातेत गेल्यावर तिकडच्या डॉक्टरास दाखवावयास तेवढा एक कागद तिच्या पदराशी राहील.